तीन अल्काल्देंचा काठीवाला

माझा भाऊ आनाक्लेतो मुका नव्हता, पण कामावर असताना त्याला तोंड उघडायची गरजच पडत नसे. सान तादेओचा अल्काल्दे, म्हणजे आमचा नगराध्यक्ष, कोणाला बोलवायचं असलं की चांदीच्या मुठीची काठी त्याच्या हाती द्यायचा. आनाक्लेतो त्या माणसाच्या दारात जाऊन काठी उचलायचा. बस्स. घरातला माणूस टोपी चढवून त्याच्या मागून निघायचा. काठीमागून चालणाऱ्याला अल्काल्देपुढे उभं राहीपर्यंत कोणी बोटही लावायचं नाही, असा आमचा शिरस्ता होता.

पहिला अल्काल्दे सेन्योर इलारियो, स्पेनच्या राजाचा माणूस. त्याच्या काळात कातडी कमावणाऱ्या फुल्हेन्सियोने दारूच्या नशेत बायकोला कुऱ्हाडीने तोडलं. तिचे दोघे भाऊ सुरे घेऊन दाराशी उभे होते. आनाक्लेतो त्यांच्या मधून आत गेला आणि फुल्हेन्सियोला घेऊन बाहेर आला. त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते. धाकट्या भावाने रडत रडत सुरा स्वतःच्याच मांडीत खुपसला, पण काठीमागच्या माणसाला हात लावला नाही. मग रीतसर चौकशी झाली आणि फुल्हेन्सियोला भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. सगळं गाव बघायला गेलं होतं. मीही गेले होते. बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू?

पुढे राजा गेला, मेक्सिकोचा झेंडा आला. नवा अल्काल्दे एलिख्यो रागीट होता. त्याच्यापुढे चाबूक एकदा सुरू झाला की थांबायचं कोणाला सुचत नसे. एक शिंपी तिथेच मेला. पण काठी तीच राहिली आणि काठीवालाही तोच. "झेंडा वर फडकतो, तेओ," आनाक्लेतो मला म्हणायचा, "आपण खाली राहतो." मोठा शहाणा!

मग अमेरिकन आले. त्यांच्या लष्करी साहेबाने टटल नावाच्या गुत्तेवाल्याला अल्काल्दे केलं. त्याला आमची भाषा येत नव्हती, पण काठीची चांदीची मूठ आवडली. असू दे, म्हणाला. आनाक्लेतो खूश. काठीचा मान ठेवतो म्हणजे माणूस बरा असणार, असं त्याने ठरवून टाकलं.

माझा मुलगा लिब्रादो तेव्हा ऐन पंचविशीतला. गुरं पोचवून परत येताना त्याचा घोडा लंगडायला लागला. अशा वेळी आमच्याकडे माणूस काय करतो? वाटेतल्या कुरणात दिसेल त्या घोड्यावर आपलं खोगीर चढवतो, आपला घोडा तिथे सोडतो आणि सवडीने परत करतो. माझा बाप हेच करायचा, गावचा पाद्रीही हेच करायचा. लिब्रादोनेही तेच केलं. त्याने खोगीर चढवलेली घोडी सोनं खणायला आलेल्या एका अमेरिकनाची आहे, हे त्याला काय स्वप्न पडलं होतं? दुपारपर्यंत गावभर झालं की तेओदोराच्या पोराने घोडी चोरली.

मी त्याला मागच्या खोलीत लपवलं. परसात दुसरा घोडा खोगीर घालून उभा केला. डोंगर ओलांडला की तो सुटलाच असता. तेवढ्यात आनाक्लेतो दारात आला, काठी उचलून.

"तेओ, पोराला बाहेर काढ."

"कुठलं पोर? इथे कोंबड्या आहेत."

"उगाच तोंड चालवू नकोस. टटलने बोलावलंय. घोडी परत देऊ, आपली रीत समजावून सांगू. दोन फटके बसले तर बसले."

"आणि चौकात ते दाढीवाले अमेरिकन दोर घेऊन बसलेत, ते काय कपडे वाळत घालायला?"

"माझ्या हातात काठी आहे ना!" तो चिडला. "बायको तोडणाऱ्याला सुखरूप आणलं मी. माझ्या भाच्याला नाही का नेता येणार?"

लिब्रादो आपणहून बाहेर आला. "जाऊ दे गं आई. पळालो तर चोरच ठरेन. मामा आहे की बरोबर."

"मामा आहे म्हणूनच धास्ती वाटते मला," मी म्हटलं. तो हसला आणि टोपी घालून निघाला. मी मागोमाग धावले.

आनाक्लेतो नेहमीसारखाच सावकाश, काठी उंच धरून चालला होता. आमची माणसं बाजूला होत होती. चौकात पहिला बंदुकीचा दस्ता लिब्रादोच्या कानावर बसला. आनाक्लेतोने काय करावं? त्याने काठी आणखी उंच धरली. त्याला दुसरं येत काय होतं? "अल्काल्दे! अल्काल्दे!" तो ओरडत होता. टटल गुत्त्याच्या दारात ग्लास घेऊन उभा होता. त्याने पाहिलं आणि आत गेला. आनाक्लेतोच्या तोंडावर गुद्दे बसले, दात पडले, तरी हात वरच.

विहिरीजवळच्या ओकच्या झाडाला त्यांनी माझं पोर लटकवलं. दोर नीट बांधला नव्हता. ते लवकर मेलं नाही. मी पाय धरून उचलायला धावले, तर एकाने माझ्या पोटात लाथ घातली. घोडीवाल्याला नंतर कुरणात लिब्रादोचा लंगडा घोडा सापडला. तोही त्याने ठेवून घेतला.

मी आनाक्लेतोच्या तोंडावर थुंकले. त्याने पुसलंही नाही. वर हा माणूस पुन्हा टटलकडे कामाला गेला! गाव त्याला निर्लज्ज म्हणालं. मी काय म्हणाले ते इथे सांगण्यासारखं नाही.

थोड्याच दिवसांनी सेवेरो लोहाराने आपल्या मुलीला ओढून नेणाऱ्या अमेरिकनाच्या पोटात तापलेली सळई घातली. टटलने काठी देऊन आनाक्लेतोला पाठवलं. तो लोहाराच्या दारात उभा राहिला, पण काठी खालीच होती. कोणाच्या दारात, आयुष्यात पहिल्यांदा, तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "सेवेरो, पळ! पोरीला घे आणि पळ! माझ्या मागून येऊ नकोस, माझ्याने कोणी वाचत नाही!"

चौकातून माणसं धावत आली. आनाक्लेतो गल्लीच्या तोंडाशी आडवा झाला. पहिल्याचा जबडा त्याने काठीच्या मुठीच्या एका फटक्यात फोडला, दुसऱ्याचा डोळा. मग ते सगळे त्याच्यावर पडले. सेवेरो आणि पोरगी तेवढ्या वेळात ओढा ओलांडून गेले. आनाक्लेतोला खांबाला बांधून पाठीची हाडं दिसेपर्यंत चाबकाने फोडलं आणि तिथेच टाकून दिलं.

मी हातगाडीवर घालून त्याला घरी आणला. का आणला, मला विचारू नका. पालथा झोपवून पाठ धुवायला घेतली.

"सेवेरो?" त्याने विचारलं.

"गेला डोंगरापलीकडे. पोरगीही."

तो रडायला लागला. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "माझ्या दारात येऊन हेच ओरडला असतास तर?"

"हो, तेओ," तो म्हणाला. संध्याकाळच्या आत गेला.

पाद्रीने मला विचारलं, लिब्रादोशेजारी जागा आहे, तिथे पुरू का? मी म्हटलं, "शेजारी नको. त्याच्या पायाशी पुरा."