ड्रायव्हरची जबानी

मी सारंगखेड्याला शाळामास्तर होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या शेजारच्या टांगेवाल्याला प्रवासी सर्व्हिस मोटारीने उडवलं आणि त्याचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. त्याने मोटारमालक आणि विमा कंपनी, दोघांवर नंदुरबारच्या कोर्टात दावा लावला.

अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीचा साहेब येऊन गेला होता. त्याला मराठी लिहिता येईना, म्हणून ड्रायव्हरची जबानी मीच लिहून दिली. ब्रेक आठवडाभर धरत नव्हता, मालकाला सांगितलंही होतं, असं ड्रायव्हर आपल्या तोंडाने बोलला. महायुद्धापासून कागदाची टंचाई. मी आधी पोरांच्या जुन्या पेपरांच्या पाठीवर कच्चं लिहायचो, मग पक्कं. पक्क्यावर ड्रायव्हरने सही केली. तेवढ्यात तापीवरच्या नावाड्याने हाक दिली आणि साहेब कागद खिशात कोंबून पळाला.

ड्रायव्हर पुढे गुजरातेत पसार झाला. आमच्या वकिलांनी अर्ज दिला, की कंपनीने ती जबानी हजर करावी. कंपनीने शपथेवर लिहून दिलं, ड्रायव्हरची सही असलेली जबानी आमच्याकडे नाही! मी साक्षीला उभा राहिलो तर त्यांचा वकील म्हणतो, "मास्तर शेजारधर्म पाळताहेत." माझं डोकंच फिरलं. आठ महिने असे तारखांत गेले.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मी वर्गातल्या माझ्या कपाटातून पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा काढून सोडला. बघतो तर माझं पक्कं अक्षर आणि खाली ड्रायव्हरची सही! घाईत साहेबाने कच्चा कागद नेला होता आणि उरलेला मी न बघताच गठ्ठ्यात टाकला होता. वर्ग तसाच सोडून मी धावत सुटलो.

"हा कागद आत्ता बनवलाय!" कंपनीचा वकील कोर्टात ओरडला. न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं, "मग सही नसलेली जबानी आहे का तुमच्याकडे?" वकील घुटमळला. शेवटी फायलीतून कच्चा कागद काढावाच लागला. शब्दन् शब्द तोच, आणि पाठीवर चौथीतल्या पोराचं त्रैराशिक, त्यावर माझी लाल फुली! आता ब्रेकचं कुणी नाकारू शकत नव्हतं. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

बाहेर आलो. टांगेवाला कुबडीवर रेलून माझ्याकडे बघत होता.

"मास्तर, आठ महिना मी चकरा मारी ऱ्हायनू," तो म्हणाला, "अनी मन्हा पायना कागद तुमना कपाटमा व्हता?"