हत्तीचे बटणाचे डोळे

गोष्टीच्या पुस्तकासोबत त्यातलाच कापडी हत्ती आणला, तेव्हा वाटलं होतं, आता लेक पटकन झोपेल. पण ती म्हणते, "आई, हत्तीला झोप येईपर्यंत वाच." हत्तीचे डोळे म्हणजे दोन काळी बटणं, ती मिटणार कशी? मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करते. तिकडे दुधाला विरजण लावायचं राहिलंय.

"झोपला का गं?"

"नाही, बघतोय," ती पेंगत म्हणते.

शेवटी तिचाच डोळा लागतो. मी हळूच उठू पाहते, तर माझी ओढणी तिच्या मुठीत. दुसऱ्या हाताखाली हत्ती, मान मुडपलेली. त्यालाही हलता येत नाही. आम्ही दोघं छताकडे बघत पडून राहतो. मग, काय करणार, मी त्याच्यासाठी पुढचं पान उलटते.