दिवा छाप कंपनीचा कागद

आमच्या घरात काचेच्या चौकटीत बसवलेला एकच कागद होता, आणि तो दिवा छाप कंपनीचा होता. कंपनीचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक. आमच्या भागात ते कोणाच्या जिभेवर बसलं नाही. तिच्या डब्यांवर पेटत्या दिव्याचं चित्र असायचं, म्हणून ती दिवा छाप.

कंपनी सातासमुद्रापलीकडची. निजामाच्या काळात तिचं राकेल पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून आगगाडीनं हिंगोलीच्या स्टेशनात यायचं. तिथून ते गावोगाव न्यायचं काम बैलगाड्यांचं. माझा बा त्या गाडीवानांपैकी एक होता. सेनगाव, कळमनुरी आणि कनेरगावचा नाका अशा त्याच्या खेपा चालायच्या. नाक्यावर तेव्हा निजामाची हद्द संपायची आणि करोडगिरीचे शिपाई गाड्या अडवून जकात घ्यायचे. बाला ते अडवत, पण डब्यावरचा दिवा बघून लवकर सोडत. हे तो फार अभिमानानं सांगायचा.

त्या अभिमानाचं खरं कारण मला मोठेपणी कळलं. त्या काळी आमच्या माणसांना कितीतरी गावांत वेशीबाहेरच उभं राहावं लागायचं. राकेलची गाडी मात्र वेशीतून सरळ आत जायची, आणि गाडीवर बा बसलेला असायचा. छातीवर कंपनीचा पितळी बिल्ला. दुकानदार त्याची वाट बघत उभे असायचे. पुढं आम्ही धम्म स्वीकारला, ताठ मानेनं चालायला शिकलो. पण बा म्हणायचा, आपली मान पयल्यांदा कंपनीच्या गाडीवर ताठ झाली.

मग लॉऱ्या आल्या आणि गाड्या थांबल्या. त्याच सुमारास कंपनीनं हिंगोली-वाशिम रस्त्यावर, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे पेट्रोलपंप काढला. हिंगोलीचे एक शेटजी कंपनीचे एजंट होते. त्यांनी बाला पंपावर घेतलं. सुरुवातीला पंपाचा दांडा हातानं फिरवावा लागायचा. पंपावर लावलं त्याच दिवशी शेटजींनी बाच्या हातात तो कागद ठेवला होता. छापील, इंग्रजी, वरच्या कोपऱ्यात दिवा. शेटजींनी तो वाचून दाखवला: तू इमानानं सेवा केलीस, कंपनी तुझी आभारी आहे, कंपनी आहे तोवर तुझी भाकर आहे. बानं तो हिंगोलीतच काचेत बसवून घेतला आणि पंपामागच्या आमच्या खोलीत दारासमोर टांगला.

मी मॅट्रिक झालो आणि पंपावरच लागलो. बा गाड्यांत तेल भरायचा. टँकर आला की कागदपत्रं बघायची आणि कंपनीचा इन्स्पेक्टर आला की त्याच्याशी चार शब्द इंग्रजी बोलायचं, हे माझं काम. दरवर्षी कंपनीचं कॅलेंडर यायचं. एका वर्षी त्यावर बर्फानं झाकलेल्या कुठल्याशा मुलखातला पंप होता. पाटी हुबेहूब आमच्यासारखी, तसाच दिवा. बानं ते चित्र बरेच दिवस न्याहाळलं. शेवटी मला म्हणाला, तिथं बी आपल्यावानी कोणीतरी उभं असल.

आणीबाणीचे दिवस होते. कंपनी सरकारनं ताब्यात घेतल्याची बातमी रेडिओवर आली. ट्रकवाले थांबून विचारू लागले, आता पंप बंद होणार का. मी घाबरलो होतो. बा अजिबात घाबरला नव्हता. आपल्याजवळ कागद आहे, एवढंच तो सांगायचा.

पुढच्या महिन्यात एका सकाळी जीप आणि तिच्यामागं ट्रक आला. जीपमधून नव्या कंपनीचा एक तरुण साहेब उतरला. ट्रकमधल्या माणसांनी शिड्या लावल्या आणि आमची पाटी सोडवायला घेतली. गंजलेले बोल्ट निघेनात, तसे त्यांनी घण घातले. पाटीवरच्या दिव्याचे पांढरे टवके उडून खाली पडले. पाटी जमिनीवर आपटली. इतकी वर्षं वर बघितलेली गोष्ट पायाशी केवढी मोठी दिसत होती.

साहेब माणूस चांगला होता. टेबलाशी बसून त्यानं विचारलं, पंपावर कोण कोण आहे, कोणाची नेमणूक कंपनीची, कोणाची एजंटाची, काही कागद आहेत का. बा खोलीत गेला. चौकट काढून आणली, उपरण्यानं काच पुसली आणि दोन्ही हातांनी साहेबापुढं धरली.

साहेबानं वाचलं. मग माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही हे वाचलंय का?"

मी नाही म्हणालो, आणि ते खरं होतं. मॅट्रिकचा इंग्रजीचा अभ्यास मी त्याच चौकटीखाली बसून केला होता. मान वर केली असती तर दिसलं असतं. पण त्यात काय आहे ते घरात सगळ्यांना पाठ होतं.

साहेब चौकट परत देऊ लागला. बानं ती घेतली नाही.

"मोठ्यानं वाचा, साहेब. पोरालाबी ऐकू द्या."

साहेबानं मराठीत सांगितलं. सर्व गाडीवानांना कळवण्यात येतं, की पुढच्या महिन्यापासून कंपनीचे डबे लॉरीनं जातील. बैलगाड्यांची गरज उरणार नाही. गाडीवानांनी आपले बिल्ले एजंटाकडे जमा करावेत.

"माझं नाव कुठं हाय?" बानं विचारलं.

"नाव नाही, बाबा. सगळ्यांना मिळून छापलेला कागद आहे."

मी तो ओढून घेतला आणि वाचला. सहा ओळी होत्या. एकही शब्द अवघड नव्हता. वीस वर्षं आमच्या घरात दारासमोर, आल्यागेल्याला दिसेल असा, बाला कामावरून काढल्याचा कागद टांगलेला होता. शेजारच्या गावचे मास्तर येऊन गेले होते. सोयरे येऊन गेले होते. त्यांतल्या कोणी वाचला होता का, आणि वाचून गप्प राहिला होता का, हे मनात आलं आणि मला तिथं उभं राहवेना.

बा तेलाच्या पिंपावर बसला. एक ट्रक येऊन भोंगा वाजवू लागला. तो उठला नाही, तेव्हा मीच गेलो, आणि निम्मं डिझेल स्वतःच्या पायांवर सांडलं.

दुपारच्या एसटीला त्यानं हात केला. मी चौकट घेऊन मागोमाग चढलो. तो हिंगोलीला शेटजींच्या पेढीवर गेला. शेटजी थकले होते, त्यांना नीट दिसत नव्हतं. बा पायरीवरच उभा राहिला आणि एकच शब्द बोलला.

"काहून?"

शेटजींनी माझ्या हातातली चौकट चाचपली आणि त्यांच्या सगळं ध्यानात आलं. मग त्यांनी सांगितलं. त्या दिवशी सात गाडीवानांना हा कागद द्यायचा होता. सहा जणांना वाचून दाखवला. कोणी शिव्या दिल्या, कोणी बिल्ला फेकून गेला, एक जण ओट्यावर बसून रडला. बा सगळ्यांच्या शेवटी आला. सेनगावच्या वाटेवर ओढ्याला पाणी होतं, तरी त्यानं एक डबा वाहू दिला नव्हता. कमरेपर्यंत भिजलेला होता, आणि हात पुढं करून विचारत होता, कंपनीनं मला काय धाडलं.

"माझ्यानं खरं सांगवलं नाही," शेटजी म्हणाले. "म्हटलं, हा माणूस जाऊ द्यायचा नाही. पंपावर मीच तुला ठेवलं."

"पगार कंपनीचा होता न्हवं?"

"नाही. माझा."

बा विचारात पडला. त्याचे ओठ हलत होते, जणू तो एकेक गोष्ट जुळवून बघत होता.

"म्हंजे कंपनीला मी ठावकाच न्हाई?"

शेटजींनी मान हलवली. नाही.

माझ्या बापाचा चेहरा तेव्हा जसा झाला तसा मी पुन्हा कधी बघितला नाही, आई गेली तेव्हाही नाही. कामावरून काढलं होतं हे त्यानं सकाळी कसंबसं पचवलं असेल. काढणाऱ्याला आपण कोण हेच माहीत नव्हतं, हे मात्र त्याला पेललं नाही. तो शेटजींना एक शब्दही वाईट बोलला नाही. रामराम केला आणि निघाला.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता. नाका जवळ आल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुला विंग्रजी येतं. तू कदीच वाचलं न्हाईस?"

"न्हाई, बा."

"काहून?"

मी मांडीवरची चौकट पालथी केली.

नव्या कंपनीनं माणसं ठेवायचं एजंटावर सोपवलं, म्हणून बाचं काम टिकलं. दुसऱ्याच दिवशी टँकर आला, तेव्हा तो नेहमीसारखा वर चढला, गज टाकून तेल मोजलं आणि ड्रायव्हरशी हुज्जत घातली. नवी पाटी लागली तिच्याकडं त्यानं मान वर करून बघितल्याचं मला आठवत नाही. कंपनीचं नाव घेणं तर सोडूनच दिलं. कोणी विचारलं तर शेटजीचा माणूस आहे म्हणायचा.

एक सवय मात्र नवी लागली. छापलेलं काहीही हाताला लागलं की तो माझ्यापुढं धरायचा. औषधाची बाटली, एसटीचं तिकीट, भज्यांना गुंडाळून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा. मी वाचायचो. तो माझ्या तोंडाकडं टक लावून ऐकायचा, आणि संपलं की हळूच विचारायचा, "बराबर वाचलंस न्हवं?"