पोटमाळ्यावरचं समुपदेशन

सुके बोंबील भाजल्याचा वास आला की लोकांना भूक लागते, मला ऑनलाइन समुपदेशन आठवतं. घाटकोपरच्या चाळीतल्या आमच्या एका खोलीत माझ्या वाट्याला पोटमाळा होता. इतका ठेंगणा की विचारसुद्धा आडवं पडून करावा लागे. छातीत धडधड, झोप उडालेली, पुरती वाट लागली होती, म्हणून मोबाइलवर एक समुपदेशक बाई गाठल्या. त्या म्हणाल्या, "खोल श्वास घ्या," आणि नेमके तेव्हाच खाली, त्याच खोलीत राहणाऱ्या आणि या प्रकाराला नाक मुरडणाऱ्या माझ्या आत्याने मुद्दाम बोंबील भाजायला घेतले. धूर असा, की देवनारच्या कचरा डेपोवरची माणसंही नाक धरून पळाली असतील. "खाली उतर रे! आमच्या घराण्यात कोणाक असली थेरां झाली नाय!" आत्या खालून ओरडली. "मागे कोण ओरडतंय?" बाईंनी विचारलं. मी खोकत खाली वाकलो आणि गरजलो, "आत्या, महिनाभर झोपलो नाहीये मी! मरायची भीती वाटते मला, कळतंय का तुला?" अख्ख्या चाळीतले टीव्ही गप्प झाले. आत्याने वर पाहिलं आणि गॅस मोठा केला. "हे आज पहिल्यांदा बोललात," बाई म्हणाल्या, "आता राहायला दुसरी जागा मिळते का बघा." बघितली. हल्ली मुलुंडला राहतो, आत्याशी एक शब्द बोलत नाही, आणि घोरतो असा की वरच्या मजल्यावरचे सोसायटीत तक्रार करतात.