करंट आणि धवले

आमच्या सानपाडा गावात लग्न म्हटलं की धवलारीण लागते. प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, ती तोंडपाठ सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या मागून म्हणतात. आई गेल्यावर तो मान माझ्याकडे आला. बेलापूरच्या ऑफिसात मला कुत्रं विचारत नाही, पण मांडवात माझ्यावाचून हळद अडते. त्यामुळे मी जरा चढूनच गेले होते.

मग मल्टिपल स्क्लेरोसिस निघालं. यात मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण झिजतं, वायरचं प्लॅस्टिक सोलून निघावं तसं. पायाला मुंग्या येतात ते मी चालवून घेतलं. पण गाता गाता पुढची ओळच सापडेना झाली, आणि भाचीचं लग्न तर तोंडावर आलेलं. बहिणीने हळूच विचारलं, दुसरी कुणी बघू का. मी तिच्याशी बोलणंच टाकलं. राग वगैरे काही नव्हता, माझी भीतीने गाळण उडाली होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ओळी पुसल्या गेलेल्या नाहीत, फक्त यायला वेळ लागतो. औषधं चालू ठेवायची, जोडीला डोक्याला पट्टा बांधून अगदी बारीक करंट द्यायचा आणि त्याच वेळी स्क्रीनवर आकड्यांचे व्यायाम करायचे. काहींना फायदा होतो, पण खात्री देता येत नाही. यातलं मी 'फायदा' एवढंच ऐकलं.

घरी सांगितलं तर सासूबाईंनी खोबरेलाची बाटलीच काढली.

"डोक्यान करंट घेनार नं कोरडा डोका घेऊन जातेस? तेल लाव, थंड राहील."

मी सायन्सची पदवीधर. तरीही मला ते पटलं. टाळूवर चांगलं थापून घेतलं आणि ऐटीत क्लिनिकात गेले. पट्ट्याखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंज लावले, पण मशीन काही सुरू होईना. थेरपिस्ट बाईंनी वायरी तपासल्या, मशीन बदललं, शेवटी माझ्या केसांत बोट घातलं आणि त्या टिश्यू शोधू लागल्या. तेलामुळे करंट आत जात नव्हता. पहिल्या दिवशी मला मिळालेला उपचार म्हणजे बेसिनवर शाम्पू.

पुढे मात्र नियमाने गेले. स्पंजाखाली चावल्यासारखं व्हायचं आणि आकडे माझी रोज अब्रू काढायचे. परतताना रिक्षात मी धवले म्हणायचे. रिक्षावाले आरशातून बघायचे.

हळदीच्या दिवशी बहिणीने निमूटपणे मला पाटाजवळ बसवलं. गाणं छान चाललेलं, आणि मधेच ओळ गेली. बायका थांबल्या. काही सुचेना म्हणून मी आधीचीच ओळ पुन्हा म्हटली, त्यांनीही म्हटली. पुन्हा म्हटली. हळदीने माखलेली भाची पुटपुटली, "मावशे, सावकाश. हलद कुठं पलून जाते?" तेव्हा पुढची ओळ आली. उशिरा आली, पण आली. मी रडतच गायले.

हे करंटमुळे झालं की रिक्षातल्या सरावाने, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मला माहीत नाही, असं मी खरं तेच सांगितलं.

मागच्या महिन्यात शेजारच्या घरी हळद होती. मला बोलावणं होतं. तोच धवला मी न अडखळता सांगत होते, पण भाचीच्या हळदीत अडले होते त्या ओळीशी आल्यावर बायका पुढे जाईनात. तीच ओळ त्यांनी पुन्हा म्हटली, मग आणखी एकदा, आणि नंतर माझ्याकडे बघत थांबल्या. त्यांना वाटलं, ते तसंच म्हणायचं असतं.

मी पुढची ओळ दिली.