बाळाचं पहिलं झबलं

जर्मनीत, लुडविग्सहाफेनला, मला आठवा महिना लागला आणि सासूबाईंचे फोन वाढले. प्रत्येक फोनच्या शेवटी एकच सूचना: "बाळाला पहिलं झबलं नवं घालायचं नाही हं. कुणाचं तरी वापरलेलं घाल. नवं बारशाला." आमच्याकडे तशी पद्धतच आहे. पण वापरलेलं आणायचं कुठून? परदेशात आमचं ना नात्यातलं कुणी, ना कुणाचं पोर हाताशी. माझी आई असती तर तिनं चार घरं फिरून आणलं असतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिची एक सुती साडी मी प्लास्टिकच्या चेनच्या पिशवीत कपाटात ठेवली होती, शेवटची नेसलेली, न धुतलेली. वास उडून जाईल म्हणून पिशवी कधी उघडत नसे.

शेवटी मी इंटरनेटवर बाळाच्या जुन्या कपड्यांचा एक गठ्ठा घेतला. फोटोत कपडे कसे नीट घडी करून ठेवलेले. खाली लिहिलेलं, घरात कुणी सिगारेट ओढत नाही, प्राणी नाहीत. दुरून डोंगर साजरे! खोकं उघडलं आणि मी बेसिनकडे धावले. तळघरातली ओल, शिळी सिगारेट आणि त्या दोन्हींच्या खाली आंबलेलं दूध. वरच्याच झबल्याच्या गळ्याशी पिवळा डाग, आणि बटणात अडकलेला चांगला बोटभर लांब केस. माणसाचा नव्हता. मी त्या बाईला मराठीतून मनसोक्त शिव्या घातल्या. पोटुशीचं नाक आधीच तिखट, त्यात हे.

फेकून द्यायला हवं होतं. पण मी हट्टाला पेटले. नवरा केमिस्ट, बोलताना मधेच जर्मन शब्द पेरणारा, त्याला तर चेवच आला. "आल्झो, हा वास आम्लाचा आहे, सोड्यानं जाईल." गेला नाही. मग व्हिनेगर. रोगापेक्षा औषध भयंकर. दोन दिवस घराला लोणच्याच्या बरणीसारखा वास येत होता. मग तळघरातल्या मशीनमध्ये नव्वद अंशांवर उकळलं. तिथल्या भिंतींनाही तोच कुबट वास, त्यामुळे कपड्यांचा गेला की नाही ते कळायला तीन मजले चढून वर यावं लागे, ते पोट घेऊन. फेब्रुवारी महिना, ऊन औषधालाही नाही. बाल्कनीत टांगलेली झबली पापडासारखी कडक झाली.

सातव्या धुण्यानंतर वास गेला. मी खूश. नवरा म्हणाला, "गेनाऊ! अगदी बरोबर! सांगितलं होतं ना?" मग काय सुचलं कोण जाणे, ते झबलं मी स्वेटरच्या आत, पोटावर, धरून बसले. पाच मिनिटांत अंगाची ऊब लागली आणि तो वास जसाच्या तसा वर आला. तळघर, सिगारेट, दूध. माझ्या पोटावरून. मला इतकी शिसारी आली की मी स्वेटरसुद्धा काढून फेकला. हे मी माझ्या बाळाच्या अंगाला लावणार होते!

रडत रडत सासूबाईंना फोन केला. "अहो आई, जमत नाही हो. काय वाटेल ते केलं, वास जात नाही."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि वैतागल्या. "अगं, कुणाचं तरी म्हणजे आपल्या माणसांतलं कुणाचं तरी! कुठल्या कोण पोराचं कशाला विकत आणलंस? तुझ्या आईची एखादी मऊ साडी नाही का? तिचं शीव की."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

नवरा म्हणाला, "न धुताच शिवूया." तो बिचारा मला जपत होता. मी पिशवीची चेन उघडली आणि दोन वर्षांनी साडीत नाक घातलं. खोबरेल तेल होतं, थोडी पावडर होती. आणि त्यांच्यावर बसलेला, बंद पिशवीतला, कुबट वास. तीन आठवडे तेच हुंगत होते, ओळखायला वेळ लागला नाही. मला किळस आली. आईच्या साडीची. मी ती चटकन बाजूला केली आणि मग मला माझीच किळस आली.

असलं काही तान्ह्या अंगाला लावता येत नाही. साडी घेऊन मी स्वतः तळघरात गेले आणि मशीन साठ अंशांवर लावलं.

हीटरवर ती रात्रीतून वाळली. सकाळी तिच्यात तोंड खुपसलं. मग स्वेटरच्या आत, पोटावर, धरून बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं, चांगली ऊब येईपर्यंत. साबणाचा वास आला, बाकी काही नाही. त्या मेल्या गठ्ठ्याला मी सात वेळा धुतलं होतं. हिला एकदाच पुरलं.