चंद्रभान ऑपरेटर आणि सटवाजीचा फोन

"तू फोन लावीतच न्हाईस! नुसतं हालू हालू करून मला वट्यावर बसवून ठेवायलास!"

"देवाशपथ लावलाय, सरजाबाई. लाईन चांगली हाय."

"तुझा देव तुझ्यापाशी ठेव. लाईन चांगली, मग माझं लेकरू कुठं हाय?"

हे भांडण मी फळीच्या अलीकडून ऐकलं. तेव्हा बोरीचं टेलिफोन एक्सचेंज आमच्या पुढच्या खोलीत होतं. भाडेकरू सरकार, आणि सरकारचा माणूस चंद्रभान. मधे नुसत्या फळ्या ठोकलेल्या. त्यामुळं गावाची खबर आधी चंद्रभानला कळायची आणि चंद्रभानला कळलेली मला.

अंगानं काटकुळा. कानावरच्या त्या यंत्रानं डोक्यावरच्या केसांत कायमची वाट पडलेली. बायकोनं, सुमनबाईनं, जेवायला हाक मारली तरी म्हणायचा, "थांबा, लाईन बिझी आहे." ती म्हणायची, "भाकरी गार झाल्यावर करा मोकळी."

बाहेरगावी बोलायचं तर आधी नाव सांगून ठेवायचं आणि वाट बघत बसायचं. चंद्रभान चिठ्ठी लिहायचा: कुणी मागितला, कुणाला मागितला, लागला का, पलीकडनं काय म्हणाले. मग परभणीवाल्याला सांगायचा, तो पुढं जोडायचा. चिठ्ठ्यांची एकेक प्रत तारेला ओवलेली असायची. कुणाची तकरार आली की चंद्रभान वाद घालायचा नाही, तार खाली घ्यायचा. किशनराव कापडवाले एकदा ओरडत आले की माझा फोन दिला नाहीस. चंद्रभाननं चिठ्ठी काढली. "दिला की. तुमच्याच घरून सांगितलं, मालक झोपलेत." किशनराव घरी जाऊन कुणाला बोलले ते मला ठाऊक नाही.

सरजाबाई बौद्धवाड्यातली. नवरा सटवाजी अर्ध्या अंगानं जागेवर पडलेला. लेक सिताराम औरंगाबादला कामाला. बापाला एकच लागलं होतं, लेकाला एकदा बघायचं. सिताराम राहतो त्याच्या समोर एक दुकान, तिथं फोन. दुकानदार बोलावून घ्यायचा. पत्रंसुद्धा त्याच दुकानाच्या पत्त्यावर. फोन बंद झाले तशी पत्रांची उत्तरंही बंद झाली. सरजाबाई बाजाराच्या दिवशी येऊन बसायची, आणि दुकानातून दर बाजारी तेच, "माणूस नाही."

त्या भांडणानंतर चंद्रभाननं तार खाली घेतली. सटवाजीच्या नावाच्या चिठ्ठ्या वेगळ्या करून फळीपाशी मांडल्या आणि मला हाक मारली, "मावशी, बघा बरं." मला अक्षर लावत लावत वाचावं लागतं, पण एवढं कळलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव बौद्धांची घरं जळाली त्या पावसाळ्याच्या आधी दर चिठ्ठीवर बोलणं झालेलं. त्यानंतर एकाही नाही.

"दुकान तर दर खेपी उचलायलंय," चंद्रभान म्हणाला. "लाईन न्हाई बिघडली, मावशी. सटवाजीचं नाव ऐकलं की दुकानदारच 'माणूस न्हाई' म्हणायलाय."

पुढं त्यानं एक केलं. जोडताना मागणाऱ्याचं नाव पुकारायचा दस्तूर. त्या दिवशी त्यानं सटवाजीच्या जागी किशनरावाचं नाव पुकारलं. मी फळीला कान लावूनच होते. पलीकडनं काय आलं ते मला ऐकू आलं नाही, पण चंद्रभान ताडकन उभा राहिला. दुकानदार म्हणाला होता, "सिताराम का? हाय की समोर. बोलवू?" तेवढ्यात परभणीवाला मधे पडला, "चिठ्ठीवर वेगळं नाव आहे, हे चालणार नाही," आणि तोडून टाकला.

तरी चंद्रभान खुशीत. लेक आहे, तिथंच आहे! तसाच बौद्धवाड्यात गेला. म्हणाला, पुढच्या बाजारी चिठ्ठीच किशनरावाच्या नावानं लिहू, त्यांना मी सांगतो, मग कोण तोडतंय.

सरजाबाई लगेच म्हणाली, "लिव्ह बाबा, कुणाचं बी लिव्ह."

खाटेवरून सटवाजी वाकड्या तोंडानं म्हणाला, "न्हाई."

"आवं, पोरगं बोलंल!"

"एका नावापायी आपली मानसं घराला मुकली, सरजे. आन मी माझं लपवू? बाप फोन करायलाय. बापाच्याच नावानं जाऊ दे."

चंद्रभान परत आला तो वट्यावरच बसला आणि झालं ते सांगितलं. मी म्हटलं, "त्यांना न सांगता लाव की रे. म्हातारा काय बघायला येतोय?"

"मावशी, माझं काम मागितलेलं नाव पुकारायचं. त्यानं सांगितलंय कोणतं ते." मग म्हणाला, "लाईन तुटली असती तर खांबावर चढलो असतो."

मी चहा टाकला.

सरजाबाईला नवऱ्याला सोडून येणं होईना. मग चंद्रभानच बाजाराच्या दिवशी फोन लावायचा, चिठ्ठी लिहायचा आणि संध्याकाळी बौद्धवाड्यात सांगून यायचा. पावसात सायकल रुतायची, तर चालत जायचा. असं करता करता त्याच्या बदलीचा हुकूम आला. निघायच्या आदल्या दिवशी बाजार होता. सुमनबाई भांडी पोत्यात भरत होती. ती म्हणाली, "आज तरी नका जाऊ." तो गेला. मीही सरजाबाईला थोडी ज्वारी द्यायची म्हणून मागोमाग गेले.

सटवाजीला धुतलेला सदरा घालून भिंतीला टेकवून बसवलं होतं. दर बाजारी तसं बसवायचे.

"न्हाई मिळाला, सटवाजी."

"नाव सांगितलंस?"

"सांगितलं."

"बरं. फुडल्या बाजारी लाव."

चंद्रभाननं माझ्याकडं बघितलं नाही.

"लावतो," म्हणाला, आणि चपला घालून निघाला.